डिकीतली दुसरी बॅटरी

तंबू, छोटी शेगडी आणि १२ व्होल्टवर चालणारा फ्रिज घेऊन दोन-तीन रात्री कोकणात काढायला निघालेल्या गाड्यांचं आता कुणाला नवल वाटत नाही. वांगणीच्या बाजूला आकाश बघायला जाणाऱ्यांना दुर्बिणीच्या मोटरसाठी आणि भिंगावर दव धरू नये म्हणून लावलेल्या हीटरसाठी रात्रभर वीज लागते. झोपेत श्वास अडखळणाऱ्या माणसाला सीपॅप यंत्राशिवाय बाहेर मुक्कामच करता येत नाही. या सगळ्यांना हवी असते एक जादा बॅटरी. रात्री ती वापरायची आणि दिवसा गाडी चालू असताना तिने वाटेतच भरून घ्यायचं.

मागणी रास्त आहे आणि ती सहज पुरी होते. पण अनेक गाड्यांत दिसणारी जोडणी पाहिली की काळजी वाटते. बॉनेटखालच्या बॅटरीवरून घरगुती वायर काढायची, दरवाज्याच्या कडेने कार्पेटखाली सारायची आणि डिकीतल्या बॅटरीला चिमट्यांनी लावायची. मध्ये फ्यूज नाही, स्विच नाही. असं केलं तरी बॅटरी भरते आणि भरते म्हणून तिकडे कुणी पुन्हा बघत नाही.

गाडीचीच बॅटरी का वापरू नये, हे आधी पाहू. तिचं काम सेल्फ मारण्याचं. दोन-चार सेकंदांत शेकडो अँपिअर द्यायचे आणि मग अल्टरनेटरवर सगळं सोडून स्वस्थ बसायचं. त्यासाठी तिच्या प्लेटा पातळ आणि संख्येने जास्त असतात. तिच्यावर रात्रभर फ्रिज चालवून ती वरचेवर अर्ध्याखाली नेली, तर काही महिन्यांतच ती टाकायला होते. आणि त्याआधीच एखाद्या सकाळी, धक्का मारायलाही कुणी नसेल अशा जागी, गाडी सेल्फ घेत नाही. सावकाश आणि खोलवर वापरायच्या बॅटरीच्या प्लेटा जाड असतात. परदेशात कॅराव्हॅनवाले तिला लेझर (leisure, फुरसतीची) बॅटरी म्हणतात. आपल्याकडच्या दुकानात ‘डीप सायकल’ म्हणून मागा.

घरच्या इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरीही डीप सायकलच असते, मग तीच उचलून डिकीत का ठेवू नये? कारण तिच्यात पातळ ॲसिड असतं, चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते आणि १५० एएचची (अँपिअर-अवर) असेल तर तिचं वजन ५० किलोच्या वर जातं. बंद गाडीत, घाटाच्या वळणांवर यातली एकही गोष्ट परवडणारी नाही. हवेत ४ टक्के हायड्रोजन झाला की स्फोटाला एक ठिणगी पुरते. त्यामुळे शिसं-ॲसिडच्या जातीतली घ्यायची असेल तर सीलबंद एजीएम घ्या, जिच्यात ॲसिड काचतंतूंच्या चटईत शोषलेलं असतं. ‘मेंटेनन्स फ्री’ हे लेबल पाहून फसू नका. गाडीच्या दुकानातल्या बऱ्याच मेंटेनन्स फ्री बॅटऱ्यांत आत पातळ ॲसिडच असतं, फक्त झाकण उघडत नाही.

दुसरा पर्याय लिथियमचा. यात चुकीच्या खरेदीने थेट आग लागू शकते. तुम्हाला हवी आहे ती लिथियम आयर्न फॉस्फेट, दुकानदाराच्या भाषेत एलएफपी. तिच्यात चार सेल ओळीने असतात, लेबलवर १२.८ व्होल्ट छापलेलं असतं आणि भरण्यासाठी तिला साधारण १४.२ ते १४.६ व्होल्ट लागतात. बाजारात ‘१२ व्होल्ट लिथियम’ म्हणून ११.१ व्होल्टचे पॅकही मिळतात. ते वेगळ्या रसायनाचे, तीन सेलचे. ते १२.६ व्होल्टला पूर्ण भरतात. असा पॅक गाडीच्या १४ व्होल्टला लावणं म्हणजे सेल फुगून पेटण्याची व्यवस्था करणं. म्हणून लेबलावरचा आकडा वाचा आणि आकडा नसेल तर बॅटरी घेऊ नका. जुन्या ई-स्कूटरचे सेल काढून कुणी स्वस्तात पॅक बांधून देत असेल, तर तोही गाडीत नको. आत बीएमएस, म्हणजे प्रत्येक सेलवर लक्ष ठेवून वेळेला बॅटरी तोडणारं सर्किट आहे का, हे बाहेरून कळत नाही.

आता भरण्याकडे येऊ. बहुतेकांचा समज असा की अल्टरनेटर हा बॅटरी चार्जर आहे. तसं नाही. इंजिन चालू असताना गाडीचे दिवे, पंखे, इंजिनचा संगणक (ईसीयू), एसीचा ब्लोअर हे सगळं चालवायचं आणि सेल्फ मारताना खर्च झालेली थोडी वीज बॅटरीला परत द्यायची, एवढ्यासाठी तो बसवलेला असतो. तो व्होल्टेज सांभाळतो. डिकीतल्या बॅटरीला किती अँपिअर झेपतील याचा विचार तो करत नाही. शिसं-ॲसिडची बॅटरी भरत आली की स्वतःच कमी वीज ओढायला लागते. लिथियमचा अंतर्गत रोध इतका कमी असतो की रिकामी बॅटरी थेट जोडली तर ती मिळेल तेवढा प्रवाह ओढत राहते. ट्रॅफिकमध्ये इंजिन आयडलवर असताना अल्टरनेटरचा थंडावा देणारा पंखाही हळू फिरतो आणि अशा वेळी अल्टरनेटर तापून जळतो. बॅटरी भरल्यावर बीएमएसने एकदम संबंध तोडला तर उसळणारं व्होल्टेज गाडीच्या इलेक्ट्रॉनिक्सला बाधू शकतं.

यावर जुना उपाय व्होल्टेज पाहणाऱ्या रिलेचा. इंजिन चालू होऊन व्होल्टेज साधारण १३.३च्या वर गेलं की रिले टक् करून दोन्ही बॅटऱ्या जोडतो आणि १२.८च्या आसपास उतरलं की तोडतो. जुनी डिझेल जीप आणि मागे शिसं-ॲसिडची बॅटरी असेल तर आजही हे चालतं. १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे बीएस-६ लागू झालं आणि त्यानंतरच्या अनेक गाड्यांत अल्टरनेटरचं व्होल्टेज संगणक ठरवतो. पुढची बॅटरी भरली की इंधन वाचवायला तो व्होल्टेज खाली आणतो आणि ब्रेक लावताना किंवा उतारावर वर नेतो. अशा गाडीत रिले सारखा उघडझाप करतो आणि दिवसभर गाडी चालवूनही मागची बॅटरी अर्धीच राहते. जिला मेकॅनिक ‘खराब बॅटरी’ म्हणतो, ती बऱ्याचदा चांगलीच असते.

नव्या गाडीत त्यामुळे मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर हवा. हा डबा गाडीकडून येणारं कमीजास्त व्होल्टेज घेतो आणि मागच्या बॅटरीला तिच्या जातीप्रमाणे नेमकं व्होल्टेज देतो. मुख्य म्हणजे ठरलेल्या अँपिअरच्या वर तो काहीही ओढू देत नाही. एजीएम की एलएफपी हे त्यावर निवडता येतं आणि ते निवडायलाच हवं. कारखान्यातून आलेलं सेटिंग तुमच्या बॅटरीचं असेल असं धरू नका.

पण डबा आणून वायरी ओढण्याआधी स्वतःला विचारा, घाई कशाची आहे? पुण्याहून तारकर्लीला जायला जेवणखाण धरून आठ-नऊ तास लागतात. १०० वॅटच्या सावकाश चार्जरने आठ तासांत ८०० वॅट-अवर होतात. वाटेतली गळती वजा जाता साडेसहाशेच्या वर बॅटरीत पडतात, म्हणजे १२.८ व्होल्टच्या बॅटरीत ५० एएच. १०० एएचची अर्धी बॅटरी भरली. ४० लिटरचा कॉम्प्रेसरवाला फ्रिज आपल्या उन्हाळ्यात दिवसाला ३० ते ४० एएच खातो. हिशोब जमतो. म्हणजे ज्यांचा प्रवास लांबचा आहे, त्यातल्या पुष्कळांचं काम लायटर सॉकेटवर चालणाऱ्या लहान चार्जरने किंवा पोर्टेबल पॉवर स्टेशनने भागतं. पॉवर स्टेशनच्या आत बॅटरी, बीएमएस आणि चार्जर सगळं एकत्र असतं. गाडीची एकही वायर सोलावी लागत नाही आणि वॉरंटीला धक्का लागत नाही. नवी गाडी असेल तर माझं मत याच बाजूला. इलेक्ट्रिक गाडीत तर अल्टरनेटरच नसतो. तिथे १२ व्होल्टच्या बॅटरीवर काही जोडण्याआधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारा. काही मॉडेलांत मोठ्या बॅटरीतून थेट वीज घ्यायची सोय दिलेलीच असते.

सॉकेट वापरतानाही काही पथ्यं आहेत. त्यावर बहुधा १२० वॅट लिहिलेलं असतं, म्हणजे १० अँपिअर. सात-आठ अँपिअरच्या वर सतत ओढू नका. प्लगच्या टोकाला एक छोटी स्प्रिंग असते आणि सगळा प्रवाह त्या एवढ्याशा टोकातून जातो. खड्ड्यांनी प्लग सैल झाला की तिथे बारीक ठिणग्या पडतात, प्लास्टिक तपकिरी होतं आणि मग वितळतं. निघाल्यावर अर्ध्या तासाने गाडी बाजूला घ्या आणि प्लग उपसून टोकाला हात लावून बघा. कोमट असेल तर ठीक. बोट ठेववत नसेल तर त्या सॉकेटवर हे काम करू नका. एकातून तीन काढणारी जोडणी नकोच. आणि १५चा फ्यूज उडतो म्हणून २०चा टाकणं म्हणजे वायरलाच फ्यूज करणं. सॉकेटवर इन्व्हर्टर, त्यावर घरचा चार्जर, त्यावर बॅटरी अशी वरातही काढू नका. वीज वाया जाते आणि तापणाऱ्या वस्तू वाढतात.

ज्यांना रोज थोडाच प्रवास करून रोज बॅटरी भरायची आहे, किंवा वापरच मोठा आहे, त्यांना मात्र २०-३० अँपिअरचा चार्जर आणि स्वतंत्र वायर लागते. छोट्या गाडीला २०चा पुरे, मोठ्या डिझेल एसयूव्हीला ३०चा चालेल. अल्टरनेटरच्या छापील क्षमतेच्या चौथ्या हिश्शाहून फार वर जाऊ नका. पावसाळी रात्री एसीचा ब्लोअर, हेडलाइट, वायपर आणि रेडिएटरचा पंखा हे सगळं त्याच अल्टरनेटरवर चालू असतं.

यातला खरा धोका वायरमध्ये आहे. पुढच्या बॅटरीपासून डिकीपर्यंत पाच मीटर धरा, जाऊन-येऊन दहा. चार्जर मागे २० अँपिअर देतो तेव्हा पुढून २५ ओढतो, कारण व्होल्टेज वाढवायचं असतं आणि थोडी गळतीही असते. हा २५ अँपिअरचा प्रवाह घरगुती २.५ स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या वायरमधून नेला तर वाटेत पावणेदोन व्होल्ट गळतात आणि वायरच्या अंगात ४४ वॅट उष्णता तयार होते, तीही कार्पेटखाली, जिथून ती बाहेर पडू शकत नाही. १० स्क्वेअर एमएम घेतली तर गळती अर्ध्या व्होल्टच्या आत येते आणि उष्णता ११ वॅटवर. १६ घेतली तर पाव व्होल्टच्या जवळपास. दहाच्या खाली जाऊ नका, सोळा परवडली तर उत्तम.

वायर विकत घेताना एक तार काढून ब्लेडने खरवडा. म्युझिक सिस्टिमवाल्यांकडे मिळणाऱ्या जाडजूड, चकचकीत वायरींत पुष्कळदा आत ॲल्युमिनियम आणि वर तांब्याचा मुलामा असतो. खरवडल्यावर आत पांढरं निघालं तर परत द्या. उलट, वरून चांदीसारखी दिसणारी आणि खरवडल्यावर आत लाल निघणारी तार कल्हई केलेल्या तांब्याची असते. आपल्या दमट किनाऱ्याला तीच जास्त टिकते.

फ्यूज दोन्ही टोकांना हवा. यावर ऑटो इलेक्ट्रिशियन हमखास वाद घालतात, ‘एकच पुरतो साहेब.’ पुरत नाही, कारण या वायरच्या दोन्ही टोकांना एकेक बॅटरी आहे. मध्ये कुठेही इन्सुलेशन घासून तांबं बॉडीला टेकलं तर दोन्हीकडून शेकडो अँपिअर धावत येतात. पुढच्या बॅटरीच्या प्लसपासून एका वितीच्या आत एक फ्यूज आणि मागच्या बॅटरीच्या प्लसपासून एका वितीच्या आत दुसरा. वीतभर अंतर यासाठी की फ्यूजच्या अलीकडची वायर बिनसंरक्षणाची असते. २५ अँपिअरच्या प्रवाहाला १० स्क्वेअर एमएम वायरवर ४०चा फ्यूज योग्य. काचेचा नळीचा फ्यूज आणि त्याचा प्लास्टिकचा लोंबता होल्डर या कामाचा नाही. बोल्टने आवळायचा मिडी किंवा एएनएल प्रकारचा घ्या.

वायर आत नेताना इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याला भोक पाडलं असेल तर त्यात रबरी ग्रोमेट बसलाच पाहिजे. नुसत्या पत्र्याची कड महिन्या-दोन महिन्यांत कंपनाने इन्सुलेशन कापते. सायलेन्सर, पेडल, सीटचे रूळ आणि एअरबॅगच्या वायरी यांच्यापासून लांबून न्या. सगळी वायर काळ्या खाचदार पाइपात घाला आणि जागोजागी क्लिपा लावा. टोकांना थिंबल हवं, तेही हायड्रॉलिक किंवा षटकोनी साच्याच्या क्रिम्परने दाबलेलं. पकडीने चेपलेलं थिंबल बाहेरून सारखंच दिसतं, पण आत तारा सैल असतात आणि तीच जागा तापते. दाबून झालं की इलेक्ट्रिशियनसमोरच जोर लावून ओढून बघा. सुटायचं असेल तर तिथेच सुटू दे.

मायनसच्या बाबतीत नव्या गाड्यांत एक बारकावा आहे. पुढच्या बॅटरीच्या मायनस टोकावर एक छोटा सेन्सर बसवलेला असतो. तो बॅटरीत किती गेलं, किती आलं याचा हिशोब ठेवतो. तुमची मायनस वायर थेट बॅटरीच्या टोकाला लावली तर तुमचा वापर त्या हिशोबातून निसटतो आणि संगणक चुकीचे निर्णय घेतो. ती सेन्सरच्या पलीकडे, बॉडीच्या अर्थच्या बोल्टवर लावा. चार्जरला इग्निशनची एक बारीक, फ्यूज लावलेली वायरही द्या, म्हणजे चावी बंद झाली की चार्जरही थांबतो. नाहीतर मागची बॅटरी पुढचीला रात्रभर रिकामी करत बसेल.

हे सगळं करताना अंगठी, कडं, बांगड्या काढून ठेवा. पाना प्लसवर असताना अंगठी बॉडीला टेकली तर ती क्षणात लाल होते आणि बोटावरून निघत नाही. सोडताना आधी मायनस, लावताना शेवटी मायनस.

बॅटरी ठेवायची कुठे? शक्य तितकी खाली, मागच्या सीटच्या पाठीला लागून, लोखंडी पट्टीने बॉडीला बोल्ट करून. रबरी दोरीने बांधलेली बॅटरी बांधलेली नसतेच. ताशी ५० किलोमीटरवरची गाडी कशावर तरी आदळून अर्ध्या मीटरमध्ये थांबली, तर आतल्या वस्तूवर तिच्या वजनाच्या सुमारे वीसपट जोर येतो. ३० किलोची एजीएम तेव्हा ६०० किलोच्या जोराने पुढे, म्हणजे मागे बसलेल्या मुलांच्या दिशेने येते. तेवढ्याच एएचची एलएफपी ११-१२ किलोची असते. लिथियमवर पैसे घालायला माझ्या लेखी हे मोठं कारण आहे. दोन्ही टोकांवर झाकणं हवीत, कारण डिकीत स्टीलचे डबे, तवा, जॅकचा दांडा हे सगळं असतं आणि घाटात ते सरकतं. एजीएम हवाबंद पेटीत कोंडू नका. बिघाड झाला तर तिच्याही व्हॉल्व्हमधून वायू सुटतो. चार्जरभोवतीही चार बोटं जागा मोकळी ठेवा. तो तापतो आणि त्यावर गादी पडली की आणखी तापतो.

उन्हाळ्याचं वेगळं. मे महिन्यात उन्हात उभ्या बंद गाडीत पारा ५०च्या वर जातो. बहुतेक एलएफपी उत्पादक साधारण ४५ अंशांच्या वर चार्जिंग करू नका म्हणतात. शिसं-ॲसिडच्या बॅटरीला उष्णतेत कमी व्होल्टेज द्यावं लागतं, म्हणून तापमानाची सेन्सर वायर मिळत असेल तर लावा. उन्हातल्या गाडीत बसल्यावर आधी काचा उघडून, एसी लावून आतली हवा उतरवा आणि दहा-पंधरा मिनिटांनी चार्जिंग सुरू करा. चार्जरला स्विच असेल तर हे सोपं जातं.

एजीएम गाडीत पूर्ण भरेल अशी अपेक्षा ठेवू नका. ८० टक्क्यांपर्यंत ती झपाट्याने जाते, उरलेल्याला तासन्‌तास लागतात. आणि कायम अर्धवट भरलेली राहिली तर प्लेटांवर सल्फेट बसून तिची ताकद जाते. सहलीवरून परतलात की घरच्या विजेवर योग्य चार्जरने रात्रभर लावा. चार्जर काढून काही तास विसावल्यावर मल्टीमीटरवर १२.७च्या आसपास दिसलं की भरली. वापरताना १२.१च्या खाली जाऊ देऊ नका. एलएफपीचं व्होल्टेज बराच वेळ १३.२च्या आसपास घुटमळतं, त्यावरून किती उरली ते कळत नाही. तिला शंट लावलेलं, किती प्रवाह आला-गेला ते मोजणारं मीटर घ्या.

पहिल्या प्रवासात अर्ध्या तासाने थांबून प्रत्येक थिंबल, फ्यूज आणि होल्डर हाताने चाचपा. पुढच्या बॅटरीवर आणि चार्जरच्या आत येणाऱ्या टोकांवर व्होल्टेज मोजा. फरक अर्ध्या व्होल्टच्या वर असेल तर कुठेतरी सांधा सैल आहे. तो सापडल्याशिवाय पुढे जाऊ नका.

वाटेत सडक्या अंड्याचा वास आला, तर शिसं-ॲसिडची बॅटरी जास्त चार्ज होऊन तापते आहे. इंजिन बंद करा, दरवाजे उघडा, सगळे उतरा, काडी पेटवू नका. चार्जिंग चालू असताना बॅटरीची टोकं ओढू नका, ठिणगी तिथेच पडते. ॲसिड उडालं तर भरपूर पाण्याने पंधरा-वीस मिनिटं धुवा. डोळ्यात गेलं तर पाणीच, सोडा नाही, आणि थेट दवाखाना. लिथियममधून धूर निघाला तर विझवत बसू नका. माणसं लांब न्या आणि ११२ला फोन करा. फुगलेली बॅटरी, कुठल्याही जातीची असो, पुन्हा चार्जिंगला लावायची नाही.

आणि मुक्कामी पोचल्यावर बॅटरी कमी दिसली, म्हणून इंजिन चालू ठेवून गाडीत झोपू नका, बंद गॅरेजमध्ये किंवा तंबूला खेटून इंजिन फिरवत ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला ते जागं करत नाही. आयडलवर अल्टरनेटर तसंही फारसं काही देत नाही. फ्रिज रात्रीपुरता बंद करा, झाकण उघडू नका. आत बर्फाच्या पिशव्या असतील तर माल सकाळपर्यंत टिकतो आणि बॅटरी उद्याच्या रस्त्यावर भरते.